धावपट्टीवर गाडी आहे

मी लाल पट्टी बोलतेय. बोलतेय म्हणजे आज पहिल्यांदाच. एरवी माझं काम बोलायचं नाही, आडवं पडायचं. मुंबईच्या उपनगरात, विमानतळाच्या मनोऱ्यात, सगळ्यात वरच्या काचेच्या खोलीत मी आडवी पडले की विमानं थांबतात. वीतभर प्लास्टिकला एवढा मान मिळाला, तेव्हा थोडी फुशारकी मारेन. ती ऐकून घ्या.

त्या खोलीत एक तिरका बोर्ड असतो. प्रत्येक विमानाच्या नावाची एक चिंचोळी चिठ्ठी, ती प्लास्टिकच्या पट्टीत खोचलेली, आणि अशा पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या. निघणाऱ्या विमानांच्या निळ्या, उतरणाऱ्यांच्या पिवळ्या. विमान उडालं की पट्टी काढायची, आतली चिठ्ठी बदलायची, पुन्हा लावायची. माझ्या निळ्या-पिवळ्या बहिणी दिवसातून पन्नास वेळा नाव बदलतात. माझी चिठ्ठी कधीच बदलत नाही. तिच्यावर लिहिलंय, 'धावपट्टीवर गाडी आहे'. काही पडलेलं उचलायला, दिवे तपासायला जीप धावपट्टीवर गेली की मला बोर्डावर आडवी ठेवायची, आणि ती बाहेर आली की उचलायची. मी पडून आहे तोवर कुणी उडायचं नाही, कुणी उतरायचं नाही.

माझा जन्म अंधेरीच्या एमआयडीसीतला. पत्र्याच्या शेडमध्ये एका मशीनमधून साबणाच्या डब्या पडायच्या आणि शेजारच्या मशीनमधून आम्ही. मालन नावाची बाई ब्लेडने आमच्या कडा तासायची. निळ्या-पिवळ्यांची पोती भरली आणि लाल फक्त बारा, म्हणून तिने शेठला विचारलं, "ह्या एवढ्याच का?"

"विमानतळाची ऑर्डर आहे. हिने विमान थांबवतात म्हणे."

तेवढ्यात एक विमान पत्र्याला थरथरवत डोक्यावरून गेलं. मालनने ते जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला म्हणाली, "मग आमच्या डोक्यावरचं पण थांबव की बाई. पोराचा अभ्यास होत नाही." माझी डावी कड तासताना तिचा हात जरा जास्त चालला. तिथे एक खाच राहिली आहे, अजून आहे.

बारापैकी बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. एकीवर लोक चहाचा कप ठेवायचे, एक खिडकीच्या फटीत अडकवली होती. माणसांचं असंच असतं, जी वस्तू रोज लागत नाही तिला ते भलत्याच कामाला लावतात. मी मात्र बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात राहिले आणि माझं काम केलं.

आता माणसांबद्दल. पायलट आणि कंट्रोलर यांचं बोलणं इंग्रजीत चालतं, तो नियमच आहे. मी तुम्हाला मराठीत सांगतेय. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणून दाखवायचे, हाही नियम. 'थांबा' म्हटलं की 'थांबतो' आणि सोबत आपल्या विमानाचं नाव. पहिल्या वर्षी मला हे फार कंटाळवाणं वाटायचं. सगळं दोनदा कशाला बोलतात, ऐकू येत नाही का यांना, असं मी मनात म्हणायचे.

जीपचं वेगळं. जीपवाल्यांचा वायरलेस सेट वेगळा, त्याची लाइन वेगळी. जीपवाला पायलटला ऐकू येत नाही, पायलट जीपवाल्याला ऐकू येत नाही. दोघांचं बोलणं फक्त एका माणसाच्या कानात एकत्र येतं, आणि तो माणूस माझ्यासमोर बसलेला असतो.

ती चेतना. वाकोल्याच्या एका खोलीत वाढलेली, शिष्यवृत्तीवर शिकलेली, परीक्षा देऊन इथे आलेली. तिचे वडील कुंडलिक बसच्या डेपोत मेकॅनिक होते. विमानं छपरावरून जायची तेव्हा लहानपणी ती म्हणे घड्याळ लावून मोजायची की दोघांमध्ये किती मिनिटं गेली. आता ती मिनिटं तीच ठरवायची. काम झकास करायची, पण जरा घाईने. तिच्या घाईचा मला तेव्हा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आणि जीप दोन म्हणजे लवू. मालवणकडचा, तीस वर्षं विमानतळावर गाडी चालवलेला, वाकोल्यातच चेतनाच्या पलीकडच्या गल्लीत राहणारा. सेटवर तो तिला 'टॉवर' म्हणायचा आणि भेटला की 'बाय'. तिच्या पहिल्या दिवशी तो जिने चढून वर आला होता, धापा टाकत. "आमच्या वाकोल्यातला चेडू वर बसला," असं त्याने सगळ्यांना सांगितलं, चेडू म्हणजे मुलगी, आणि गार झालेले बटाटेवडे वाटले.

या दोघांनी एक सवय लावून घेतली होती. लवू धावपट्टीवरून बाहेर आला की खरं तर त्याने बोलायचं असतं, 'टॉवर, जीप दोन, मी बाहेर, धावपट्टी मोकळी.' पण दिवसातून दहा वेळा तेच काय बोलायचं? तो सेटचं बटण नुसतं दोनदा दाबायचा. चेतनाच्या कानात टक-टक वाजायचं, ती मला उचलायची. ही सवय त्यांनी पायलटांकडूनच घेतली होती. कितीतरी पायलट 'बरं, समजलं' असं बोलायच्या ऐवजी बटण दोनदा दाबतात. नियमात बसत नाही, पण चालून जायचं. पर्यवेक्षक वनमाला मॅडम अधूनमधून ओरडायच्या, "तोंड दिलंय ना देवाने, ते वापरा." मग दोन दिवस सगळे बोलायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टक-टक.

मला ते कधीच आवडलं नाही. टक-टकला आवाज नसतो. बाईची की पुरुषाची, कोकणातल्या माणसाची की बोरिवलीच्या, काही कळत नाही. पण मला कोण विचारतं?

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, दुपारी तीनच्या पुढे, ते घडलं. त्या आठवड्यात हवा इतकी धुरकट होती की काचेतून धावपट्टीचं दूरचं टोक दिसतच नव्हतं. आधीच्या विमानाने उडता उडता कळवलं की बहुधा पक्षी धडकला. चेतनाने लवूला बोलावलं, मला बोर्डावर आडवी ठेवली. लवूची जीप धुरक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

धावपट्टीच्या तोंडाशी एक विमान निघायला उभं होतं, एकशे सत्तर माणसं पोटात घेऊन. त्याचा पायलट शौनक, बोरिवलीचा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा तो माझ्यासाठी एक निळी पट्टी होता. बारा मैलांवर दुसरं विमान उतरायला येत होतं, ती पिवळी.

लवूचा आवाज आला, "टॉवर, जीप दोन. घार आहे, मेलेली. उचलली. निघालो बाहेर."

"ओके, लवूकाका," चेतना म्हणाली. आणि लगेच शौनकला सांगितलं, "जागेवर थांबा. धावपट्टीवर गाडी आहे. साधारण दोन मिनिटं."

शौनकने हे परत म्हणून दाखवायला हवं होतं. त्याच क्षणी त्याच्या केबिनमधून कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं, तो तिकडे वळला. चेतनानेही त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायला हवं होतं. त्याच क्षणी तिचा फोन वाजला. रडारच्या खोलीतून माणूस विचारत होता, "उतरणारं विमान जोरात येतंय, त्याच्या आधी एक उडवणार आहेस की नाही? पटकन सांग." एका कानाला फोन, दुसऱ्या कानात वायरलेस, डोळे धुरक्यात. आणि कानात वाजलं, टक-टक.

चेतनाने मला उचललं.

कुठल्या लाइनवर आवाज आला ते दाखवायला तिच्यासमोर दोन बारीक हिरवे दिवे होते, एक पायलटांचा, एक जीपचा. मी बोर्डावरून पाहिलं. पायलटांचा दिवा लागून विझला. शौनकने केबिनमधलं बोलणं संपवून, 'बरं, थांबतो' या अर्थाने बटण दोनदा दाबलं होतं. चेतनाने दिव्याकडे पाहिलंच नाही. तिला ती टक-टक लवूचीच वाटणार होती, कारण ती त्याचीच वाट पाहत होती.

त्या वेळी मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मी कोपऱ्यात उभी होते आणि बोर्ड मोकळा होता.

"उड्डाणाला परवानगी. लवकर निघा, मागे विमान आहे," तिने शौनकला सांगितलं. यावेळी त्याने सगळं नीट परत म्हटलं, एकही शब्द न चुकवता.

विमान वळून धावपट्टीवर आलं. आणि लवू? लवू निघाला होता खरा. पण जीप वळवताना त्याला एका दिव्याची फुटलेली काच दिसली. ती टायरमध्ये गेली तर घात, म्हणून तो पुन्हा उतरला. कळवलं नाही, पाच सेकंदांचं काम, त्यात काय कळवायचं, असं त्याला वाटलं. पाच सेकंदांचं मिनिट झालं. विमानाकडे पाठ करून, वाकून, तो काचा वेचत होता.

विमान धावायला लागलं. मनोऱ्याच्या काचा नेहमीसारख्या गुणगुणायला लागल्या. आणि जीपचा हिरवा दिवा लागला.

"टॉवर, जीप दोन. दिव्याची काच फुटली आहे, गोळा करतोय. अजून अर्धा मिनिट द्या."

चेतनाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो पांढरा वगैरे पडला नाही. नुसता थांबला. मग तिने पायलटांचं बटण दाबलं. "थांबा. ताबडतोब थांबा."

त्याच क्षणी उतरणाऱ्या विमानाच्या पायलटनेही बटण दाबलं, 'आम्ही सहा मैलांवर' हे सांगायला. एका लाइनवर दोघं एकदम बोलले की कुणाचंच काही पोचत नाही, नुसती किंचाळी वाजते. ती वाजली. विमान धावतच होतं.

वनमाला मॅडम खुर्ची ढकलून आल्या. चेतनाला गळा एक आणि माणसं दोन. तिने लवूला उत्तर द्यायचं सोडलं आणि पुन्हा पायलटांचं बटण दाबलं. विमानाचं नाव, थांबा, पुन्हा विमानाचं नाव, थांबा. वनमाला मॅडमनी जीपचा सेट ओढून घेतला. "लवू, डावीकडे गवतात घाल. आत्ता. मागे बघू नको."

धुरक्यात विमानाची शेपटी दिसेनाशी झाली. पुढचे काही क्षण कुणालाच काही दिसत नव्हतं. पायलटांच्या लाइनवर कुणी बोलत नव्हतं, जीपच्या लाइनवरही नाही. चेतनाने मला हातात घेतलं होतं आणि ती इतकी घट्ट आवळत होती की माझी मालनने तासलेली कड कटकन तडकली.

मग शौनकचा आवाज आला, श्वास लागलेला. "थांबलोय. समोर गाडी दिसतेय."

दोनशे किलोमीटरच्या वेगावरून त्याने ब्रेक मारले होते. जीपच्या जागेपासून तीनशे मीटरवर विमान उभं राहिलं. लवूची जीप गवतात, एक चाक नाल्यात. वनमाला मॅडमनी उतरणाऱ्या विमानाला पुन्हा वर जायला सांगितलं, आणि ते आमच्या डोक्यावरून गर्जत गेलं. मग त्यांनी चेतनाच्या डोक्यावरचा हेडफोन हळूच काढला. "ऊठ. पाणी पी. आता मी बसते."

चेतना उठली. मी तिच्या मुठीत होते, तिथून तिच्या कुर्त्याच्या खिशात गेले. तिला ते कळलंही नाही. अशी मी पहिल्यांदा मनोरा उतरले.

त्या संध्याकाळी वाकोल्याच्या खोलीत मी खुंटीला टांगलेल्या कुर्त्यात होते. चौकशी लागली होती, दुसऱ्या दिवशी दोन साहेब येणार होते. चेतनाचं लायसन्स कायमचं जाऊ शकत होतं. कुंडलिक खाटेवर बसून होते, टीव्ही बंद. छपरावरून विमान गेलं की दोघं वर पाहायचे आणि पुन्हा खाली.

सातच्या सुमाराला लवू आला. पँटला अजून चिखल होता. चहा नको म्हणाला, तरी कुंडलिकनी ठेवला.

"बाय, माझा ऐक," तो म्हणाला. "जीपच्या सेटचा रेकॉर्डिंग करणारा मशीन ह्या आठवड्यात दुरुस्तीक गेला हा. माका ठाऊक असा. उद्या मी सांगतंय, टक-टक मीच केलंय. बाहेर पडाच्या आधीच, चुकान. तुझी काय चूक नाय मगे."

"काका, तुम्ही काही केलं नाही."

"तां माका आणि तुका ठाऊक. माझे चवदा महिने रवले गो. माझो गाडी चालवूचो पास काढतले, ऑफिसात बसवतले, आणखी काय करतले? तुझा आख्खा आयुष्य पडला हा."

चेतनाने वडिलांकडे पाहिलं. कुंडलिक चहाच्या कपाकडे पाहत होते.

"बाबा, रोज सकाळी मोठ्याने पंचशील म्हणता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आज गप्प का?"

कुंडलिकनी कप बाजूला सारला. "तुझ्या नोकरीचं आहे, पोरी. नको म्हण, हे माझ्या तोंडातून निघत नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटतं मुलीला हो म्हणता येईल म्हणून ते गप्प होते, आणि ती नाही म्हणेल याची त्यांना खात्रीही होती.

चेतना लवूसमोर जमिनीवर बसली. "काका, त्या टक-टकला नाव नव्हतं म्हणून हे झालं. आता मी तिला तुमचं नाव लावू?"

लवूने चहा तसाच ठेवला. मग म्हणाला, "मी पण कळवूक नाय, बाय. काच दिसली तेव्हा."

"मग ते सांगा. तेवढंच सांगा."

दुसऱ्या दिवशी तिने कुर्त्याच्या खिशात हात घातला आणि मी सापडले. तिने मला पुसलं, पर्समध्ये ठेवलं आणि चौकशीच्या टेबलावर साहेबांच्या पुढ्यात आणून ठेवलं. "हिला मी उचललं," ती म्हणाली. "जीप बाहेर आली असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तसं वाटलं. ही सवय आमची होती, आणि पायलटने परत म्हणून दाखवलं नाही तेव्हा मी विचारलंही नाही." तिने सगळं सांगितलं. लवूने काचेचं सांगितलं. कुणी कुणाचं नाव पुढे केलं नाही.

लायसन्स कायमचं गेलं नाही. पण सात महिने ती खालच्या मजल्यावर फायली लावत होती. पुन्हा शिकणं, पुन्हा परीक्षा, पुन्हा वनमाला मॅडम शेजारी बसून तिचा प्रत्येक शब्द ऐकणार. बरोबरीचे लोक तिच्याशी जपून बोलायचे, ते तिला जास्त लागायचं. लवूला पंधरा दिवस गाडीला हात लावू दिला नाही. मी मात्र चौकशीच्या टेबलावरून पुन्हा बोर्डाच्या कोपऱ्यात गेले.

त्या काळात एकदा शौनक मनोऱ्यात आला. उंच, नीट इस्त्रीचा शर्ट, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नसलेला. चेतनाला खालून बोलावून घेतलं.

"मी 'थांबतो' एवढं म्हणालो असतो तर पुरलं असतं," तो म्हणाला. "मला वाटलं बटण मी दाबलंय हे तुम्हाला समजणारच. आणि नंतर परवानगी आली तेव्हा मनात आलं होतं, दोन मिनिटं म्हणाल्या होत्या, इतक्यात कशी झाली? पण विचारलं नाही. म्हटलं तुम्हाला दिसत असेल."

"मला काहीच दिसत नव्हतं," चेतना म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला दिसत असेल."

दोघंही हसले नाहीत. जाताना त्याने मला हातात घेऊन पाहिलं, तडकलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "एवढीशीच आहे ही?" म्हणाला. मला राग आला नाही, आश्चर्य आहे.

टक-टक बंद झाली. भिंतीवर कागद लागला: नाव, जागा, पूर्ण वाक्य, आणि समोरच्याने तेच परत म्हणायचं, त्यानंतरच लाल पट्टी उचलायची. कागद लावून सवयी सुटत नाहीत हे मी जाणून आहे, पण ही सुटली. किमान आमच्या खोलीत.

गेल्या मार्चमध्ये लवूचा शेवटचा दिवस आला. चार वाजता त्याची ड्युटी संपायची होती. चेतना माझ्यासमोर बसली होती, तिला परत येऊन काही महिने झाले होते. वनमाला मॅडम मागे. बाहेर पुन्हा तसंच धुरकं. साडेतीनला एका पायलटने कळवलं, धावपट्टीवर रबराचा तुकडा पडलाय. लवू आत गेला. मी आडवी पडले.

"टॉवर, जीप दोन. तुकडा उचलला. बाहेर निघतोय."

"जीप दोन, तुकडा उचलला, बाहेर निघताय. बाहेर आल्यावर कळवा."

उतरणारं विमान पाच मैलांवर होतं. मग चार. आणि चेतनाच्या कानात वाजलं, टक-टक.

यावेळी तिने दिव्याकडे पाहिलं. जीपचाच दिवा होता. मीही पाहिला. वनमाला मॅडमनीही पाहिला, कारण त्या पुढे वाकल्या. तो लवूच होता, यात कुणालाच शंका नव्हती. पण तो काय सांगतोय? बाहेर आलो म्हणतोय, की आत अडकलोय म्हणतोय?

"जीप दोन, तुमची जागा सांगा," चेतना म्हणाली.

टक-टक.

"जीप दोन, ऐकू येत नाही. कुठे आहात?"

टक-टक. मग तेही नाही.

तीन मैल. तिचं बोट माझ्यावर होतं. उचलण्याइतकं सोपं काही नव्हतं. लवू तीस वर्षांचा मुरलेला माणूस, निघतोय म्हणाला होता, नक्कीच बाहेर असणार. विमानात एकशे ऐंशी माणसं, परत वर पाठवलं तर वीस मिनिटं उशीर, पायलट तक्रार करणार, आणि जिच्या नावावर आधीच एक चौकशी आहे तिला पुन्हा लेखी उत्तर द्यायला लागणार. वनमाला मॅडम मागे सरकून बसल्या. हे तिचं तिनेच ठरवायचं होतं.

तिचं बोट माझ्यावर दाबलं गेलं. मी आडवीच राहिले.

"पुन्हा वर जा," तिने पायलटला सांगितलं.

"पुन्हा वर जातो," त्याने परत म्हटलं, आणि जरा चिडून, "कारण?"

"धावपट्टीवर गाडी असू शकते."

विमान काचांना हादरवत वर गेलं. चेतनाने डोळे मिटले नाहीत, धुरक्यात पाहत राहिली. मिनिटभराने टेबलावरचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"बाय, मी लवू. सेटाची बॅटरी मेली गो. बटण वाजता, आवाज जायना. पहाऱ्याच्या चौकीवरसून फोन करतंय. मी मघापासून भायर असंय."

"काका," ती म्हणाली, "पूर्ण सांगा."

मग लवू नियमातल्या मराठीत, शाळेत कविता म्हणतात तसं, एकेक शब्द वेगळा करून बोलला. "टॉवर, जीप दोन. मी धावपट्टीच्या बाहेर, चौकीपाशी उभा आहे. धावपट्टी मोकळी."

"जीप दोन, तुम्ही धावपट्टीच्या बाहेर, चौकीपाशी. धावपट्टी मोकळी," चेतना म्हणाली. आणि मग तिने मला उचललं.

"ता विमान माझ्यामुळे परत धाडलंस?" लवूने विचारलं.

"हो."

"बरा केलंस." नाक ओढल्याचा आवाज आला. "आता मी निवांत घराक जातंय."

झालं ते एवढंच. लेखी उत्तर तिला द्यायला लागलं. तीन ओळींचं होतं.

माझं म्हणाल तर मी आता निवृत्त आहे. बोर्ड काढला, त्या जागी काचेचा पडदा आला, त्यावर पट्ट्या बोटाने सरकतात. त्यातही एक लाल आहे म्हणतात. तिला कड नाही, खाच नाही, मूठ आवळली तर ती तडकणार नाही. पण काम तेच, म्हणून तिला मी सवत मानत नाही. माझ्या बहिणी पोत्यात भरून गेल्या. मला चेतनाने मागून घेतलं. वाकोल्याच्या खोलीत, दाराशेजारच्या खुंटीला, तिच्या किल्ल्यांबरोबर मी लटकते. सकाळी कुंडलिकांचं पंचशील ऐकते, दिवसभर छपरावरची विमानं मोजते. लवू गावाहून आला की मला एक टिचकी मारतो.

जाता जाता एकच मागणं. तुमच्या घरात, कामावर, रस्त्यावर कुणी नुसती मान हलवली, हुंकार दिला, बटण दाबलं, आणि तुम्हाला वाटलं की समजलं, तर एकदा थांबा आणि पूर्ण वाक्य मागा. समोरचा चिडेल. चिडू द्या. तोवर मला आडवीच राहू द्या.